समुद्राकडं राहिलेलं

मलकापूर,
भाऊबीजेनंतरचा गुरुवार, २००१

प्रिय वीरेश,

आक्काचे आशीर्वाद. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. दुकानातल्या फोनवर मी समुद्राचं नाव काढलं की तुला ऐकूच येईनासं होतं. "हॅलो, आक्का, आवाज येत न्हाय," म्हणतोस आणि ठेवून देतोस. परवा तर मागनं तुझ्या त्या दोस्ताचं, पिराजीचं खिदळणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. पत्राला तसं करता येत नाही. फाडशील फार तर, पण वाचून फाडशील.

काल रक्षिताचा फोन आला होता. "आत्ती, ऐतवारी पप्पा मला समुद्रात पवायला न्हेणार हायत! पप्पांनी समुद्राला हरवलंय, आता माझा नंबर." चौथीतली पोर ती, आणि आनंदानं तिला धाप लागली होती. मी बरं बाई म्हटलं आणि भाकरी तव्यावर करपली तरी तशीच उभी राहिले. तेव्हापासून डोकं नुसतं फणफणतंय. वीरेश, पोरीला घेऊन पाण्यात उतरायचं नाही. एवढंच सांगायचं आहे, पण एवढ्यानं तू ऐकणारा नाहीस, म्हणून सगळं लिहिते.

तू पट्टीचा पोहणारा आहेस, ते मी नाकारत नाही. बावड्यात सगळ्या गावाला ठाऊक आहे. पंचगंगेला पूर आला की काठावरच्या बायका घरातनं पोरांना हाका मारतात आणि तू उडी टाकायला पुलावर चढतोस. पण तुला पोहायला शिकवलं कुणी? आपल्या आप्पांनी. पाठीला पत्र्याचा डबा बांधून नदीत सोडलं होतं तुला, आणि मी काठावर रडत होते. ते आप्पा पाण्यात पाय घालण्याआधी वाकून ओंजळभर पाणी कपाळाला लावायचे. रोज, न चुकता. पाण्याची परवानगी घेतात, असं मला लहानपणी वाटायचं. तू एकदा विचारलं होतंस, नदी देते का परवानगी? आप्पा म्हणाले, "देती का न्हाय ते भाईर आल्यावर कळतं."

त्याच आप्पांना आपण समुद्र दाखवायला नेलं होतं, आठवतं? उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला त्यांनी. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, हात जोडले आणि मागं फिरले. तू हसून हसून लोळलास. "आप्पा, एवढं लांबनं आलोय, पवा की जरा!" ते धोतर पिळत म्हणाले, "ह्येला बघायचं आसतं. नदीला पल्याड हाय, ह्येला न्हाय." तू ते बाकीच्यांना नक्कल करून दाखवायचास. मीही हसायचे त्या नकलेला. आता नाही हसू येत.

मागल्या दिवाळीत तुमची ट्रॅक्स गाडी चहाला माझ्या दारात थांबली आणि तूच मला ओढून नेलंस. पुळ्याच्या पुढचा तो किनारा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत होत्या आणि मध्येच एक पट्टा शांत, सपाट. तू तालमीतल्या पोरांना म्हणालास, "हितं पाणी निवांत हाय. थांबा, म्या बघून येतो." नदीवर वाढलेल्या कुणालाही तेच वाटलं असतं, कारण आपल्याकडं जिथं आवाज नाही तिथं ओढ नाही. समुद्राचं उलटं निघालं. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच वाटेनं परत आत जात होतं, आणि तुला घेऊन गेलं. तू वळलास, किनाऱ्याकडं तोंड करून हात मारायला लागलास, नदीचा काठ धरायला मारतोस तसे. जेवढे मारलेस तेवढा लांब गेलास. पिराजी तुझ्यामागं निघाला होता, त्याचा सदरा मी दोन्ही हातांनी धरून ठेवला. सदरा फाटला, पण माणूस राहिला.

आणि वीरेश, तू चारचौघांत सांगतोस की आडवा हात मारून बाहेर आलास. मी किनाऱ्यावर होते. तुझे हात थांबले होते. डोकं दिसत होतं, मग दिसत नव्हतं, मग पुन्हा दिसत होतं. मी शिवा शिवा म्हणत वाळूत बसले होते. पाण्यानं तुला उचलून खडकांच्या पलीकडं नेलं आणि वाळूवर टाकलं. तू आला नाहीस, तुला सोडलं. का सोडलं, ते मला ठाऊक नाही आणि तुलाही नाही. पण परत माझ्या घरी चहा पिईपर्यंत तू जिंकलेला होतास, आणि वर्षभर जिंकतोच आहेस. तालमीत, दुकानात, गिऱ्हाइकांपुढं. ऐकून ऐकून माझा जीव विटला.

येताना गाडीत तू छातीवर हात धरून बसला होतास. पाण्याचा मार लागला असेल, असं वाटलं. नंतर संक्रांतीला आले तेव्हा तुझ्या गळ्यात नवा दोरा, इष्टलिंग ठेवायची नवी चांदीची करडगी. "जुनी काळी पडलीती," म्हणालास. अव्वानं आईच्या कौतुकानं हात लावायला बघितला तर तू मागं सरकलास. मनात काहीतरी खटकलं.

श्रावणात मी बावड्याला होते, त्या सोमवारी तू पूजेला बसला होतास. भिंतीकडं तोंड, अंगावर शाल. अव्वानं मला बेल घेऊन पाठवलं. वीरेश, मी तुझ्या मागं उभी होते. करडगी उघडी होती आणि तिच्यात काही नव्हतं. डाव्या तळहातावर लिंग नव्हतं. तू रिकाम्या तळहाताला भस्म लावलंस, त्यावर फूल ठेवलंस आणि तुझे खांदे हलायला लागले. मी बेल तिथंच उंबऱ्यावर ठेवून मागं फिरले. दीक्षेला स्वामींनी हातावर दिलेलं ते लिंग, जे आप्पांच्या तळहातावर आपण समाधीतसुद्धा तसंच ठेवलं, ते तुझं समुद्रात गेलं आणि वर्षभर तू एकटा ते सोसतोयस. लहानपणी काटा रुतला तरी माझ्याकडं धावत यायचास. हे मला का नाही सांगितलंस, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. मी स्वामींशी बोलून आले आहे. सोमवारी या म्हणाले, नव्यानं देतील. मी तुझ्याबरोबर येते. अव्वाला आपण दोघं मिळून सांगू. पण त्याआधी रविवार आहे. ट्रॅक्स माझ्या दारात थांबेल, मी चहा ठेवीन. तू रक्षिताला माझ्या सोप्यात समोर बसव आणि करडगी उघडून दाखव. पोर विचारेल, पप्पा, तुम्ही हरवलंत ना समुद्राला, मग तुमचा देव त्याच्याकडं कसा राहिला? तिला खरं उत्तर दे. मग खुशाल ने समुद्रावर. आप्पा उभे राहिले होते तेवढ्याच पाण्यात तिचा हात धरून उभा राहा.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
आक्का