बुधवारची चिठ्ठी

बुध., ५ मार्च
राखेचा बुधवार, ईस्टरच्या आधीचा उपासकाळ आजपासून सुरू. कपाळावरची राख न पुसता स्कूटीवर घरी आली. सिग्नलले एक काका टकामका पाहून राहिले होते.
चर्चच्या तरुण संघाचं यंदा नवीनच. उपासकाळात चहा सोडणं, गोड सोडणं पुरे झालं म्हणे. त्यापेक्षा ईस्टरपर्यंतचे शनिवार एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाले द्यायचे, मग ते कोणत्याही धर्माचं असो. सॅमदादा आमचा सेक्रेटरी. त्यानं यादी वाचली अन् चर्चच्या फळ्यावर लावली. माह्या वाट्याले: 'रूथ – हुडकेश्वर.'
पाळकसाहेबांचे नियम: त्यांच्या घरात प्रार्थना नाही, पत्रक नाही, उपदेश नाही. काम करा अन् या.
एवढं तं जमन.

शनि., ८ मार्च
काकू, वय ७१. सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होत्या. नवरा वारला, मूलबाळ नाही. माहेर खाप्याचं, भावाची शेती तिथंच.
गेटवरच विचारलं, "मले बाटवाले तं नाही ना आली वं?"
"नाही काकू, भाजी आणाले आली."
"मंग ये. मेथी पाहून घेजो, मागच्या वेळी भाजीवाल्यानं गवत दिलं होतं."
भाजी आणली, औषधाच्या गोळ्या वारानुसार डबीत भरल्या, गॅसचा नंबर लावला. चहा केला. एक घोट घेऊन म्हणे, "याले चहा म्हणतेत काय तुमच्याकडे?"
राग आला. घरी येईपर्यंत आला.

शनि., १५ मार्च
काल धुळवड. काकूंच्या गेटवर गुलाबी पंजे, ते घासून काढले. मग कूलर बाहेर काढला, खस बदलली. टाकी उचलताना म्हटलं, काकू तिकडून धरा. डावा हात वर जाईच ना. काहून? "काही नाही." दहा मिनिटांनी स्वतःच सांगितलं.
छातीत गाठ. दिवाळीपासून. दिवाळीपासून!! मी ओरडलीच.
"ओरडू नको. माही बहीण यानंच गेली. आता भावाच्या पोरीचं लग्न जमलं, मे महिन्यात आहे. पोराकडच्यायच्या कानावर गेलं तं म्हणतीन, यायच्या घराण्यातच आहे हे. लग्न होऊ दे, मंग पाहू."
दोन तास डोकं लावलं. शेवटी तयार झाल्या, पण कोणाले सांगायचं नाही. भावाले नाही, माह्या आईलेही नाही. "घे शप्पथ." म्हटलं, काकू आमच्यात शपथ घेत नाहीत, माहं हो म्हणजे हो.

मंगळ., १८ मार्च
रामदासपेठेत डॉक्टर मॅडमले दाखवलं. सुई टाकून तुकडा काढावा लागन, तपासायला. तारीख गुरु. २७. येताना काकू रिक्षात तारखेचा कागद उलटसुलट करत होत्या. उतरल्यावर विचारलं, "तू राहशीन ना संगं?" एवढा बारीक आवाज पहिल्यांदाच ऐकला. राहीन म्हटलं.

बुध., १९ मार्च
प्रार्थनासभा. प्रार्थनेच्या विषयांच्या चिठ्ठ्यांचा डबा फिरला, नेहमीसारखी चिठ्ठी टाकली. 'हुडकेश्वरच्या काकू. छातीत गाठ. पुढच्या गुरुवारी तपासणी. भीती जावी.' नाव लिहिलं नाही. सॅमदादानं वाचली, सगळ्यांनी डोळे मिटले. चार दिवसांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आज झोप लागन.

शनि., २२ मार्च
गेटले आतून कुलूप. काकू व्हरांड्यात उभ्या.
चर्चमधली ग्रेस आंटी यांच्याच गल्लीत राहते, चार घरं सोडून. परवा केळी घेऊन आली. "घाबरू नका, आख्खं चर्च तुमच्या गाठीसाठी प्रार्थना करून राहिलं!" अंगणात, अन् आंटीचा आवाज म्हणजे भोंगाच. भिंतीपलीकडे शेजारीण कपडे वाळू घालत होती. तिची नणंद खाप्यालेच दिली आहे. काल भावाचा फोन.
नाव नव्हतं लिहिलं काकू, फक्त प्रार्थनेले... म्हणता म्हणताच फळा आठवला. फळ्यावर अडीच आठवडे 'रूथ – हुडकेश्वर' लिहून आहे. नाव कशाले लागते?
काकू म्हणाल्या, "देवाले मी बी सांगते रोज. तो कोणाच्या घरी केळी घेऊन नाही जात."
अन् मग, "तपासणीले मी येत नाही. तू बी येऊ नको."
सगळे नियम पाळले मी. त्या घरात एक शब्द प्रार्थना केली नाही. शी!

रवि., २३ मार्च
उपासना संपल्यावर ग्रेस आंटीले धरलं. वाट्टेल ते बोलली. ती रडाले लागली, "मी तं मायेनं गेली वं पोरी." आईनं हात धरून बाहेर आणलं. आतापर्यंत तिलेही सगळं कळलंच होतं. स्कूटीजवळ फक्त एवढंच विचारलं, "चिठ्ठी कोणी लिहिली होती?"
दिवसभर जेवली नाही. उपास नाही, तोंडच नव्हतं.

बुध., २६ मार्च
सभेत उभी राहिली. सांगितलं की मी प्रार्थनेच्या नावानं चुगली केली. काकूंनी मले एकटीले सांगितलं होतं. आता त्यांच्याकडे कोणी जाऊ नका, फळं नका नेऊ, फोन नका करू.
सॅमदादा: तुझा हेतू चांगला होता.
मी: हेतू काय चाटायचा आहे?
सॅमदादानं जाताना फळ्यावरची यादी काढली. ग्रेस आंटीजवळ जाऊन माफी मागितली. तिनं डोक्यावरून हात फिरवला. आवाज न करता.

गुरु., २७ मार्च
आज तपासणी होती. काकूंनी फोन उचलला नाही. एकटीच रामदासपेठेत गेली, तारीख पुढं ढकलता येते का विचाराले. काउंटरवरची पोरगी म्हणे, पेशंट कुठाय? म्हटलं, रुसला आहे. ती हसली, मले रडू आलं. ८ एप्रिल लिहून दिलं.
आणखी बारा दिवस. दिवाळीपासून किती झाले ते मोजाची हिंमत नाही.

शनि., २९ मार्च
भाजीची पिशवी गेटले अडकवली, आत ८ तारखेचा कागद. पडदा हलला. अर्धा तास उन्हात उभी होती. मग गेली.

शनि., ५ एप्रिल
मागची पिशवी गेटवर नव्हती, म्हणजे घेतली. नवी अडकवत होती तं आतून आवाज: "मेथी आहे का?"
"पालक आहे काकू. मेथी चांगली नव्हती."
कुलूप निघालं.
भाची येऊन गेली खाप्याहून, एकटी, बसनं. म्हणे, आत्या, ज्याले लग्न मोडाचं आहे तो कशानंही मोडन. तू मरून माहं लग्न नाही करायचं मले. काकूंनी चष्मा पुसला. पोराकडचे अजून हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. ते मी केलं. कितीही माफी मागितली तरी ते केलं.
मागितली. काकू म्हणाल्या, "झालं ते झालं, असं मी म्हणणार नाही." मग, "८ ले किती वाजता निघाचं?"

मंगळ., ८ एप्रिल
सुई टाकली. सिस्टरनं आत येऊ दिलं. काकूंनी हात असा दाबला की अंगठीचा वळ अजून आहे. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. मनातही काय म्हणावं ते सुचत नव्हतं, नुसतं देवाचं नाव घेत होती.
येताना रिक्षात काकू: "प्रार्थना केली का वं?"
"...केली."
"कोणाले ऐकू आली?"
"नाही."
"मंग कर."

बुध., ९ एप्रिल
प्रार्थनासभा. डबा माह्यापर्यंत आला. पेन हातात घेतलं, ठेवलं. कागदाची घडी केली अन् तशीच टाकली.
सॅमदादानं उघडली. "ही कोणाची? याच्यात तं काहीच लिहिलं नाही." मागून पुढून पाहिली. सगळे एकमेकांकडे. मी जमिनीकडे.
मागच्या बाकावरून ग्रेस आंटी, एकदम हळू: "कर सुरू, सॅम. त्याले वाचता येते."
रिपोर्ट उद्या सकाळी अकरा वाजता. काकूंनी आठ वाजताच बोलावलं, म्हणे अगोदर तुह्या हातचा तो चहा घेऊ.