मुरलीधरकाकांची डावी बाजू

३ मार्च
गुरुवारी कल्पना मॅडम मला पहिलं पंक्चर देणार. पाठीतून सुई घालून मुतखड्यापर्यंतची वाट मी करायची. युरॉलॉजीत सर्जन इथून सुरू होतो. तोवर नुसता कॅथेटर धुणारा.
संकल्प: रोज सहा तास झोप. चिडचिड बंद.

४ मार्च
झोप झाली नाही. इमर्जन्सीत कुणाची तरी लघवी तुंबली होती. पण थकल्यावर माझं लक्ष जास्त लागतं.

५ मार्च
गुरुवारचे पेशंट मुरलीधरकाका, गाझियाबादला राहणारे मराठी. खडा डाव्या किडनीत. वॉर्डात मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून खूश. म्हणाले, घरचंच माणूस भेटलं, आता कसली भीती.
त्यांच्या पोटावर डावीकडे खूण केली. तीनदा तपासली. चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी पुन्हा तपासायला लावत. जयदीप हसतो. ज्युनिअर आहे, कळेल हळूहळू. त्याला सुई धरायला शिकवलं.

६ मार्च, दुपार
विशेष काही झालं नाही. नीट लिहून ठेवते.
भूल दिल्यावर डाव्या किडनीत नळी घातली. मग काकांना पालथं केलं. पोटावरची खूण खाली गेली. पालथं करण्याआधी ती माझ्या उजव्या हाताला होती, म्हणून पाठीवरही उजव्या हाताला नवी केली. तीनदा तपासली. एक्स-रेची फिल्म पाहिली नाही, कारण खूण होती.
मॅडमनी नळीतून डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडला. स्क्रीनवर किडनी उजळली ती माझ्या खुणेच्या दुसऱ्या बाजूची. माझी सुई टोचली होती असं म्हणता येणार नाही. कातडीच्या आत, जेमतेम.
मॅडम ओरडल्या नाहीत. "सुई जयदीप को दो. और पेशंट को तुम खुद बताओगी."
ओरडल्या नाहीत, म्हणजे विश्वास शाबूत आहे. जयदीपचं पंक्चर पहिल्या प्रयत्नात लागलं. शिकवलं कुणी?

६ मार्च, संध्याकाळ
काका ग्लानीत. आत्ता सांगणं अमानुष होईल. उद्या, राउंडच्या आधी.

७ मार्च
राउंडच्या आधी गेले. वाक्य पाठ होतं. काकांनीच विचारलं, "खडा डावीकडे, मग उजवीकडे ही पट्टी कसली गं?"
"इंजेक्शन दिलं होतं, काका."
"असं होय. बाकी कुणाला विचारलं नाही मी. म्हटलं, तूच खरं सांगशील."
इंजेक्शनही सुईनेच देतात.
राउंडला मॅडमनी मला विचारलं, बता दिया? माझ्याआधी काकाच बोलले. "हां जी. बच्ची ने सब बता दिया."
मॅडम म्हणाल्या, पुढचं पंक्चर तुझं. मी थँक यू म्हटलं.  राउंडनंतर काकांची उजवीकडची पट्टी मीच बदलली.