तिच्याच हातून

मंगळवार, दिवेलागण

आज कसब्यातल्या डॉक्टरांना डोळा दाखवला. मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत यायची नाही म्हणाले. "काकू, वर्षभर काय करत होतात?"

काय सांगणार? माझी लेक डोळ्यांचीच डॉक्टर, आफ्रिकेतल्या मलावीत गोरगरिबांची ऑपरेशनं करायला गेलीय. मोतीबिंदूच असेल, ती आली की तिच्याच हातून काढून घेऊ, असं मीच ठरवून बसले.

देवापाशी दिवा लावताना तिचा फोन आला. तिथल्या एका आजींना आज दिसायला लागलं, त्यांनी तिचे हात सोडलेच नाहीत. मग म्हणाली, "आई, तुझे डोळे कसे आहेत गं?"

"छान आहेत." देवासमोर खोटं बोलले.

दिवाळीत येईल. आल्या आल्या डावा डोळा बघेल, आणि मी कुणासाठी थांबले होते ते तिला कळेल.