खडकाखालचे किडे

किलिफी,
१४ ऑगस्ट

प्रिय तिमेमावशी,

शिकामू. पाय धरते असं आपण रोज कितीजणांना नुसतं तोंडानं म्हणतो. आज मनापासून म्हणते आहे.

"दार नीट लाव, पोराला वारा लागेल." एकोणीस वर्षांपूर्वी तू मला हे म्हणाली होतीस. त्यावर लिहायचं म्हणून दोनदा कागद घेतला आणि दोनदा बाकीच्याच गोष्टी लिहून फाडला. आताही आधी बाकीच्याच लिहिते.

इकडे सगळे ठीक. दक्षिणेचा कुसी वारा अजून जोरात आहे, नावा कमीच सुटतात. तुझे गुडघे लामूच्या हवेत कसे आहेत? माझ्या लेकीला, मुनिराला, सातवा महिना लागला. तिखटमीठ लावलेल्या कैरीशिवाय तिला काही गोड लागत नाही.

मी अजून त्याच हॉटेलात आहे. जेवणाच्या दालनात भिंतीएवढी काचेची टाकी आहे, समुद्राच्या पाण्याची. आत खडक, प्रवाळ, मासे. तिची देखभाल माझ्याकडे. जूनमध्ये टाकीतला मोठा शिंपला मेला. सकाळी बघते तर तो उघडा पडलेला आणि त्यात बोटभर लांब, गुलाबी, केसाळ किडे, दहाबारा तरी. सुरवंटासारखे. एक पाहुण्या बाई नाश्ता टाकून उठल्या.

"रिझिकी, हे किडे शिंपला खातायत आणि तू बघत उभी?" न्गालासाहेब म्हणाले. ते आमचे मॅनेजर.

"काढते, साहेब."

"एकही राहता कामा नये."

मलाही ते पटलं होतं. डोळ्यांनी बघितलं होतं ना मी. जुन्या पायमोज्यात माशाचा तुकडा बांधून खडकाखाली ठेवायचा, किडे वासानं त्यात शिरले की मोजा उचलायचा. पंधरा दिवसांत दोन डबे भरले. त्यांचे केस काचेसारखे बोटात शिरतात, दिसतही नाहीत. चिकटपट्टी लावून उपटले तरी दोन दिवस बोटं जळत होती. त्यामुळे तर माझी खात्रीच झाली की जात वाईट.

तिसऱ्या आठवड्यात टाकीला वास यायला लागला. माशांचं उरलेलं अन्न खडकांखाली कुजत होतं. काचेवर हिरवा चिकटा धरला, प्रवाळ मिटून गेले, दोन मासे मेले. शेवटी कारिसाआजोबांना बोलावलं. जन्मभर बुड्या मारून मासे धरलेला म्हातारा. त्यांनी टाकीत हात घातला आणि बोटं हुंगली.

"किडे कुठायत?"

"काढले. शिंपला मारला त्यांनी."

"मारताना बघितलंस?"

"खाताना बघितलं."

म्हातारा हसला. "म्हणजे मयताला जमलेली माणसं धरून नेलीस तू. मग आता घर कोण झाडणार, तुझे साहेब?"

शिंपला महिनाभर नीट उघडत नव्हता, हे मला माहीत होतं. तो आधीच आजारी होता. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण देखभाल माझी होती.

"यांच्यात एखादी जात असते खरी, जिवंत प्रवाळाला तोंड लावणारी," आजोबा जाताना म्हणाले. "ती ओळखायला शीक. पण सगळ्यांना एका डब्यात घालू नकोस, पोरी." दुसऱ्या दिवशी त्यांनी किड्यांसकट एक खडक आणून दिला. आता पाणी स्वच्छ आहे. प्रवाळ हळूहळू उघडतायत.

मावशी, त्या दिवसापासून मला झोप नीट लागलेली नाही.

आई गेली तेव्हा तू तिच्या उशाशी होतीस. ओमारीमामा गेले तेव्हाही. लोक म्हणायचे, तिमे घरात आली की समजून जावं. मीही म्हणायचे. घाण झालेलं अंथरूण बदलायला आणि शेवटची आंघोळ घालायला दुसरं कोणी पुढे येत नव्हतं म्हणून तू जायचीस, हे मी आईच्या वेळी बघितलं होतं. तरी म्हणायचे.

माझा अथमान अकरा महिन्यांचा होता. ताप उतरत नव्हता. तू कडुनिंबाचा पाला घेऊन आलीस आणि मी दारात आडवी उभी राहिले. तू पाल्याची जुडी खाली ठेवलीस, ते वाक्य बोललीस आणि गेलीस. मी दार लावलं. पाला तसाच बाहेर वाळला.

चौथ्या दिवशी अथमान गेला. शेजारणी म्हणाल्या, "तिमे आली होती ना गं?" मी "हो" म्हणाले. एवढंच. तू उंबरा ओलांडलाच नव्हतास, हे आपल्या दोघींनाच ठाऊक होतं. त्या एका "हो"वर तुला किलिफी सोडावी लागली. आणि मी तुला दारातून परत पाठवलं होतं, हे तू जाताना कोणालाही सांगितलं नाहीस.

मुनिराला मी परवा सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "त्या आजीलाच बोलाव मग. मला भीती नाही. तुला आहे का?" तिच्या सासूनं तोंड वाकडं केलं. ते मी बघून घेईन. शेजारणींकडेही जाऊन आले. दोघी हयात आहेत. त्यांना खरं काय ते सांगितलं. एकीनं माझ्यापुढचा चहाचा कप उचलून नेला.

ऑक्टोबरच्या अखेरीस मुनिरा बाळंत होईल. तिचे चाळीस दिवस तू करावेस. तिला तेल तू लावावंस, मिरीची पेज तू करावीस, आणि बाळाला पहिली आंघोळ तुझ्या हातची व्हावी. तू नाही म्हणशील. मी तुझ्या जागी असते तर पत्र इथवर वाचलंही नसतं. तरी विचारते, येशील का?

दारातून बाजूला झालेली,
तुझी रिझिकी