सकाळी सातचं औषध

ती. दाजींस साष्टांग नमस्कार,

तुमची कंबर आता कशी आहे? ताईचा आवाज फोनवर खणखणीत होता, म्हणजे ती बरी असावी. माझं विचाराल तर उजवा डोळा उघडत नाही आणि एक कान दुसऱ्याच्या दुप्पट झालाय. त्याचं कारण तुमचा निरोप.

परवा तुम्ही कळवलंत, "उद्या सकाळी सातला औषध आहे, विसरू नका." मी बायकोला म्हटलं, मेव्हण्याच्या रक्तदाबाची एवढी काळजी घेणारा दाजी शोधून सापडायचा नाही. (तीस वर्षांत तुम्ही माझी तब्येत विचारली नाहीत, तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.) काल ठीक सातला गोळी घेऊन मी निवांत बसलो. सव्वासातला तुमच्या सूर्यफुलांतून पंपाची घरघर ऐकू आली आणि डोक्यात प्रकाश पडला. औषध माझं नव्हतं, पिकाचं होतं. माझ्या मधमाश्यांच्या पेट्यांची दारं मी आदल्या संध्याकाळीच बंद करायची होती. अठरा पेट्यांतल्या माश्या केव्हाच तुमच्या फुलांवर पोचल्या होत्या.

बनियनवरच धावलो. फवारणीवाला ओळीमागून ओळ भिजवत होता. आडवा गेलो तर म्हणाला, "टाकीत कालवलंय, आता परत बाटलीत भरू का?" हात जोडले, ओरडलो, शेवटी नळीच धरली. झटापटीत दोघेही कडेच्या पेटीवर आपटलो. आत उरलेल्या माश्यांनी भेदभाव केला नाही. (मी त्यांचा मालक आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.) तो पळाला तेव्हा अर्धं शेत राहिलं होतं. जाताना म्हणाला, उरलेलं उद्या संध्याकाळच्या आत उरकतो.

दिवसभर पेट्यांसमोर बसून होतो. काही माश्या परत आल्या, दाराशी गोल गोल फिरल्या आणि पाय वर करून पडल्या. चार पेट्या गप्प झाल्या. दाजी, चूक माझी, निरोप तुमचा आणि मेल्या त्या तिसऱ्याच. मला फार वाईट वाटलं.

हे पत्र आज फवारणीवाल्याच्या आधी पोचावं म्हणून शेजाऱ्याच्या हाती देतोय. मुलांना आशीर्वाद.

तुमचा सुजलेला मेव्हणा

ता. क. फुलं असेपर्यंत फवारू नका. अगदीच अडलं, तर माश्या घरी परतल्यावर, दिवस मावळल्यानंतर. चौदा पेट्या अजून जिवंत आहेत.

आणखी ता. क. फवारणीवाला पंपाच्या नळीचं तोंड शेतात शोधत असेल. झटापटीत हाती आलेलं ते माझ्याकडे आहे. ताईला विचारूनच ठेवलंय. ती म्हणाली, "फुलं गळेपर्यंत देऊ नकोस, आणि ह्यांना म्हणावं, माझ्याशी बोला."