बेलेघाट्यात पुरुलिया मेथड

९ जून, रविवार. पुरुलिया.

उद्या पहाटेच्या गाडीने कोलकाता. बुधवारी जामाईषष्ठी, जावयाने सासरी जाऊन भरपेट जेवायचा दिवस. सासूबाई फोनवर म्हणाल्या, ये रे बाबा भवतोष, आम्ही वाट बघतोय. 'आम्ही' म्हणजे सुतपासुद्धा. चैत्र संपता संपता ती आईच्या गुडघ्यासाठी माहेरी गेली ती अजून तिकडेच. गुडघा हे फार चिवट दुखणं. परतीची दोन तिकिटं काढली आहेत, शनिवारची. तिला विचारलेलं नाही. त्यात विचारायचं काय? घर तर इथे आहे.

ऑफिसात पालबाबू भिववत होता की कोलकात्याचा उकाडा तुम्हाला सोसायचा नाही. मला हसू आलं. इथे काल त्रेचाळीस होतं. तिथे जेमतेम सदतीस. सदतीसला मी ऊन म्हणत नाही.

शिवाय माझी मेथड आहे. सकाळी आठच्या आत सगळ्या खिडक्या बंद, त्यांच्यावर ओल्या चादरी, सूर्य बुडेपर्यंत काही उघडायचं नाही. पंखासुद्धा लागत नाही. सुतपा होती तेव्हा मी दुपारी ऑफिसातून जेवायला घरी यायचो आणि त्या गारव्यात तासभर ढाराढूर झोपायचो. ती गेल्यापासून जेवण कॅन्टीनमध्ये, डुलकी खुर्चीत, रविवारी माझ्या दीदीकडे. घराला दिवसभर कुलूप.

निश्चय: सासूबाईंच्या खोलीत जो एसी बसवलाय, त्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. तो माझा साडू अर्घ्य याने बसवून दिला. ती हवा घेणं म्हणजे त्याचे उपकार नाकाने आत ओढणं.

१० जून, सोमवार. बेलेघाटा.

हे शहर माणसांसाठी नाही. हावड्याला गाडीतून उतरलो आणि कुणी तोंडावर ओलं फडकं दाबून धरावं तसं झालं. पुरुलियात घाम येतो आणि शिस्तीत वाळतो. इथे तो अंगावर बिऱ्हाड करून राहतो. टॅक्सीवाला म्हणाला, दादा, मागे टेकू नका, सीट भिजतेय. उर्मट जात.

जिन्याशी सासूबाई भेटल्या. बाजारातून येत होत्या, दोन्ही हातांत मासळीच्या पिशव्या. माझ्या पुढे दोन मजले चढून गेल्या आणि वरून ओरडल्या, अरे बाबा, कुठे राहिलास? मी प्रत्येक वळणावर थांबून जिना न्याहाळत होतो. जावयासमोर दुखणं दाखवायचं नाही, हा बाईंचा मोठेपणा. गुडघा आतून ठणकत असणार.

सुतपा घरी नव्हती. गल्लीतल्या वाचनालयात काम धरलंय म्हणे. वेळ जात नसेल बिचारीचा. दुपारी आली. घामाने निथळत होती आणि जिन्यात कुणाशी तरी मोठ्याने हसत होती. मला बघून म्हणाली, आलात? पाणी प्यायलात का? पंख्याखाली बसा. मी म्हणालो, मला पंखा लागत नाही. ती म्हणाली, बरं.

पूर्वी वाद घातला असता. समजूतदार झाली आहे.

११ जून, मंगळवार. दुपार.

मेथड सुरू केली. सुतपा कामावर जाताच सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि कपाटातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी भिजवून टांगल्या. सासूबाई म्हणाल्या, अरे बाबा, इथली हवा वेगळी, कोंडून मारतोस का आम्हाला? त्यांना बाष्पीभवन समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, असेल बाबा, पण मला श्वास घेऊ दे. आणि हातपंखा घेऊन जिन्यात जाऊन बसल्या.

एक नवीन गोष्ट कळली: इथे चादर वाळतच नाही. सकाळी भिजवली ती दुपारीही टपकते आहे. म्हणजे कोलकात्यात मेथड उलट जास्त सोपी. इतकी वर्षं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

भिंतींना घाम सुटला आहे. मुरमुरे डब्यातल्या डब्यात चामट. काडेपेटी पेटत नाही. जिन्यात सासूबाई खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना काहीतरी सांगताहेत, मधूनमधून 'जावई' हा शब्द ऐकू येतो. दोघी हसताहेत. माझ्या पाठीवर घामोळं उठलं आहे. मनगट कागदाला चिकटतं. तत्त्वासाठी बसलो आहे.

संध्याकाळ.

सुतपा आली. एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या, चादरी पिळून बादलीत टाकल्या, आईला हाताला धरून आत आणलं. मी म्हणालो, आपल्या घरी असंच तर करतो आपण. ती म्हणाली, हो, करतो. तिथे मी भर दुपारी दिवा लावून भाजी चिरते, ठाऊक आहे का तुम्हाला? मी म्हणालो, तरीही बिल कमीच येतं. ती हसली.

म्हणजे पटलं.

१२ जून, बुधवार. जामाईषष्ठी. सकाळ.

आज मी कोण ते या घराला कळेल. पुरुलियाहून आणलेला विटकरी पंजाबी झब्बा आणि कांजी केलेलं धोतर. बाहेर येईपर्यंत कांजी विरघळली. धोतर पायांना पाटावरच्या ओल्या पापडासारखं चिकटलं आहे. चालताना ओढून सोडवावं लागतं.

अर्घ्य आला. पांढरा शुभ्र, इस्त्री न मोडलेला, थंड गाडीतून उतरलेला, बाटलीभर अत्तर ओतलेला. पाया पडला आणि म्हणाला, दादा, पाठ बघा तुमची, नकाशा झालाय. आत एसीत या की. सगळे हसले. सुतपापण. मी म्हणालो, पुरुलियाच्या माणसाला यंत्र लागत नाही. तो म्हणाला, मग बसा बाहेर, मी मेलो तरी येणार नाही. मी म्हणालो, बाहेरच बसणार.

त्यामुळे एक ताट आत, एक बाहेर. सासूबाईंचा षष्ठीचा उपास. ताडाचा पंखा पाण्यात बुडवून जावयाला वारा घालायचा, दीर्घायुष्य चिंतायचं, मनगटाला हळदीचा दोरा बांधायचा, आणि हे दोन्ही जावयांना सारखंच. बिचाऱ्या माझ्यावर चार हात फिरवून आत धावत, तिकडून परत इकडे. सुतपा दाराशी येऊन म्हणाली, अहो, मा उपाशी आहे, तिला दोन खोल्यांत का पळवताय? उठा, आत चला. मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, तुमच्या तत्त्वाला नेहमी दुसऱ्याचेच पाय कसे लागतात हो?

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सणाच्या दिवशी भांडू नये.

त्याच दिवशी, दुपार.

लुच्या म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, मोहरीतला हिलसा मासा, नारळाच्या रसातली कोलंबी, मटण. मग आंबे, दही, संदेश मिठाई. आतून मेहुणी सुमना ओरडून सांगत होती की आमच्या ह्यांनी तिसरी कोलंबी घेतली. मी चौथी मागवली. माझ्या बाजूची खिडकी हळूच लावून घेतली, ऊन यायला नको म्हणून. पाचवी कोलंबी. सासूबाई म्हणाल्या, बाबा, तुझा चेहरा असा काय

संध्याकाळ.

वरचं वाक्य अपुरं राहिलं, कारण जरा गुंगी आली. चक्कर नव्हे. जेवणाची गुंगी.

डोळे उघडले तेव्हा एसीच्या खोलीत, सासूबाईंच्या पलंगावर, अंगात अर्घ्यची हाफ पँट. अर्घ्यने डोक्याकडून आणि सुतपाने पायांकडून उचललं म्हणे. पंजाबीचा रंग घामाने सुटला होता. माझी छाती, पलंगावरची पांढरी चादर, सगळं लाल. सासूबाईंना वाटलं रक्त. त्यांनी अशी किंकाळी फोडली की डॉक्टरीणबाई उष्ट्या हाताने वर आल्या. माझी नाडी बघून म्हणाल्या, मीठ-साखरेचं पाणी पाजा आणि माणसासारखं पंख्याखाली बसवा. अर्घ्य कपाळावर बर्फ धरून बसला होता. म्हणाला, दादा, आम्ही घाबरलो होतो हो. मुद्दाम चांगला वागतो.

सासूबाई घास न घेता माझ्या उशाशी होत्या. त्यांचा उपास मोडायचा राहूनच गेला. सुतपाने त्यांना बाहेर नेऊन जेवायला बसवलं.

मी खोलीतच थांबलो आहे. यंत्रावर टीका करायची तर आधी त्याचा अभ्यास हवा. दोष अजून सापडलेले नाहीत.

१३ जून, गुरुवार.

अभ्यास चालू. सव्वीसवर ठेवलं तर सहन होतं. बावीसवर विचार चांगले सुचतात. दार उघडं टाकतात म्हणून तीनदा ओरडावं लागलं.

काल रात्री सासूबाई बाहेर जमिनीवर झोपल्या. त्यांनीच आग्रह केला. म्हणजे मी उठलो नाही आणि त्यांनी काही म्हटलं नाही. सुतपा चहा ठेवायला आली तेव्हा म्हणाली, मा रात्रभर घामात तळमळत होती. मी म्हणालो, हे शहरच तसलं. तिने एसीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दार ओढून घेतलं. नीट, घट्ट.

उद्या तिला बॅग भरायला सांगायची.

१४ जून, शुक्रवार.

सांगितलं. गच्चीवर कपडे वाळत घालत होती. म्हणजे वाळत नाहीतच, नुसते घालायचे. मी म्हणालो, उद्याची गाडी आहे, बॅग भर. ती म्हणाली, मी येत नाही.

मी विचारलं, गुडघा? ती म्हणाली, गुडघा वैशाखातच बरा झाला. मी फोनवर सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा मला तिकडचं तापमान सांगत होता.

मी म्हणालो, मग इथे कशाला उकडून मरतेस? आपलं घर किती गार! ती म्हणाली, उकडतं ना. जीव जातो. माझीही पाठ बघा, सोलून निघाली आहे. पण इथे खिडकी उघडी असते. खाली फुलवाला ओरडतो, समोरची म्हातारी विचारते आज काय शिजवलंस, वाचनालयातल्या पोरी मला दीदी म्हणतात. तिथे मी आठ वाजता अंधारात बसते ती संध्याकाळपर्यंत. इतकी वर्षं बसले. तुम्ही एकदा तरी विचारलंत का, लावू का खिडकी?

मला राग आला. मी म्हणालो, एवढंच होतं तर बोलायचं! एक खिडकी दहापर्यंत उघडी ठेवू. तिने बादलीतला शेवटचा कपडा पिळून दोरीवर टाकला. डोळ्यांत पाणी होतं की घाम, या शहरात ओळखू येत नाही. मग म्हणाली, चला खाली, तुमच्या घामोळ्याला पावडर लावते.

लावली. हलक्या हाताने, मानेपासून कमरेपर्यंत, कुठेही न घासता.

येणार. रागावलेली बाई पावडर लावत बसत नाही.

१५ जून, शनिवार. गाडीत.

स्टेशनवर आली. पाण्याची बाटली, लुच्यांचा डबा. बॅग नव्हती. मला वाटलं, घाईत राहिली असेल, तिकडे कपडे आहेतच. मी आधी चढलो, खिडकीची जागा तिच्यासाठी ठेवली, तिच्यावर डबा ठेवला. वळून बघतो तर ती फलाटावरच. खिडकीशी येऊन म्हणाली, रोज नीट जेवा. गुंगी आली तर मीठ-साखर घ्या. मी म्हणालो, चढ लवकर, गाडी सुटेल. ती म्हणाली, सुटू दे.

सुटली.

तिकीट तपासनीसाने विचारलं, दुसरे पॅसेंजर? मी म्हणालो, येताहेत. खरगपूरपर्यंत ती जागा कुणाला दिली नाही. मग एक म्हातारे उभे होते, ते बसले.

१६ जून, रविवार. पुरुलिया.

चव्वेचाळीस. आज दीदीकडे गेलो नाही. ती सुतपाबद्दल विचारेल. मेथड एकट्याने करता येते, त्यात काही विशेष नाही. आठच्या आत खिडक्या बंद केल्या, चादरी भिजवून टांगल्या, आडवा झालो. गार. कोलकात्याच्या तोंडात मारावी अशी गार हवा.

डोळा लागला, तोच गरम झळ आली. उठून बघितलं तर चादरी कोरड्या, खडखडीत. पुन्हा भिजवल्या. पडलो. पुन्हा कोरड्या. दुपारभर तेच. विहिरीवरून बादली, पिळणं, टांगणं, पडणं, उठणं. पाठ मोडली. आता साडेचार वाजले आहेत, एक मिनिट झोप झालेली नाही, आणि चादरी पुन्हा वाळल्या आहेत.

मी रोज इथे तासभर झोपायचो. जाग आली की चादर नेहमी ओली असायची. मला वाटायचं, ती एकदा भिजवली की पुरते.