डावीकडे ब्रेक नसलेली गाडी

मुलुंड (पूर्व)
१४ नोव्हेंबर २०२५

चि. ऋतिका हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं मजेत. आईचा गुडघा कुरकुरतो, आई कुरकुरत नाही. शेजारच्या वनमालाबाईंनी तुझ्यासाठी मोरावळा दिला होता, त्यातला अर्धा मी संपवलाय. उरलेला आईने लपवून ठेवलाय.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू ‘बोला बाबा’ म्हणतेस आणि मी ‘सगळं ठीक’ म्हणून फोन आईकडे देतो. तसं या वेळी व्हायला नको. अक्षर मोठं आहे, कारण मार्करने लिहितोय. हसू नकोस.

तर मुद्दा असा की आपण गाडी घेतोय. छोटीच, पण आपली स्वतःची. एकतीस वर्षं मोटर ट्रेनिंग स्कूल चालवलं, अर्ध्या मुलुंडला हाफ क्लच शिकवला, आणि तुझ्या आईला जिथे नेलं तिथे गाडीला पुढेमागे लाल ‘एल’ लावून नेलं. माणिकमावशीच्या लग्नालासुद्धा. ‘लोक आपल्याला घाबरून वाट देतात,’ हे ती अजून ऐकवते. एप्रिलमध्ये स्कूल बंद करून ती गाडी विकली तेव्हा सगळ्यांना सांगितलं, कंटाळा आला.

गाडी पसंत आहे, रंग पांढरा. अडलंय ते स्पोर्ट पॅकवर. शोरूममधला देवेश माझाच विद्यार्थी, सहा वेळा गाडी बंद पाडून मग शिकलेला. तो म्हणाला, “सर, साधी नका ना घेऊ. स्पोर्ट पॅकवाली एकदम झकास दिसते. लोक वळून वळून बघतात.”

म्हटलं, “अरे, लोकांनी गाडी चालवताना पुढे बघावं म्हणून मी जन्म घालवला.”

आता त्या पॅकमध्ये काय आहे ते ऐक. चाकं मोठी आणि टायर चपटे. म्हणजे मिठागर रोडचा प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. मागे एक पंख आहे, तो नुसता शोभेचा. इंजिन तेच, त्यात काडीचा फरक नाही. सीटा खोलगट, अंगाला धरून ठेवणाऱ्या. आई आत बसली ती छान बसली, पण बाहेर काढायला मी आणि देवेश दोघं लागलो. स्टीअरिंगला लाल दोऱ्याची शिवण आहे आणि त्याच्या मागे बोटांनी गिअर बदलायच्या पट्ट्या. ती शिवण बघून तू आठवलीस. दहा वर्षांची असताना गुहागरला जाताना म्हणाली होतीस, “बाबा, मोठी झाले की लाल गाडी मी चालवणार, तुम्ही झोपा.” आणखी एक, पॅक घेतलं तर मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक मिळतात. ही गोष्ट मात्र कामाची आहे.

ट्रायलला गेलो तेव्हा मी सवयीने डावीकडचं दार उघडून बसलो. देवेश म्हणाला, “सर, आज तरी उजवीकडे बसा!” मी म्हटलं, तूच चालव, बघू काही लक्षात राहिलंय का. नवघर रोडला एक रिक्षा आडवी आली. माझा पाय खाली गेला आणि मॅटवर आपटला. स्कूलच्या गाडीत असतो तसा मास्तरचा ब्रेक तिथे नव्हताच. देवेश हसला, “सर, तिकडे काय नाय आता.” गाडी त्याने वेळेवर थांबवली होती. माझ्याशिवाय थांबली.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. आई म्हणाली, “आता तरी लिही तिला.”

ऋतू, तुझ्या आरटीओच्या टेस्टला इन्स्पेक्टर मागे बसले होते. चढावर गाडी थांबवून तू इतकी सुरेख उचललीस, की माझ्या तेवढ्या वर्षांत कुणी उचलली नसेल. गल्लीतून बाइक येत होती. तू ती पाहिली होतीस, वेगही कमी केला होतास. तरी मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. त्यांनी विचारलं, “ब्रेक का मारला, मॅडम?” तू माझ्याकडे पाहिलंस. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मास्तरचं नाव जाईल याची भीती वाटली मला. तू म्हणालीस, “चुकून लागला.” नापास होऊन येताना मागच्या सीटवर बसलीस. पुढे कुर्ल्याच्या कुठल्याशा स्कूलमध्ये शिकून लायसन्स काढलंस, ते मला आईकडून कळलं.

ब्रेक मी मारला होता. सात वर्षं हे एवढं वाक्य मला बोलता आलं नाही. माझं चुकलं, बाळा.

तू बोरिवलीला नोकरीसाठी गेलीस, असं मी सगळ्यांना सांगतो. तुझं पवईचं ऑफिस बोरिवलीपेक्षा मुलुंडहून जवळ पडतं, हे कुणी मला तोंडावर बोलून दाखवत नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

अजून एक राहिलं. स्कूल मी कंटाळून बंद केलं नाही. मला काचबिंदू आहे. समोरचं बरं दिसतं, बाजूचं गेलंय. मार्चमध्ये एका मुलीला शिकवताना डावीकडून आलेला सायकलवाला मला दिसलाच नाही. तिला दिसला, तिने गाडी थांबवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. लायसन्स मीच कपाटात ठेवून दिलंय. थेंब चालू आहेत, आहे ते टिकेल म्हणतात. तुला सांगायचं नाही अशी आईला शपथ घातली होती, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस.

आता कळलं असेल की गाडी कोणासाठी बघतोय. दया म्हणून ये, असं म्हणत नाही. मला तू चालवलेल्या गाडीत बसायचंय, एवढंच आहे. महिन्यातून एका रविवारी आलीस तरी पुरे. तू नाही म्हणालीस तर गाडी घेणार नाही, आणि रागावणारही नाही. रिक्षा आहेतच.

फॉर्म भरलाय. स्पोर्ट पॅकची चौकट कोरी ठेवली आहे. मास्तर म्हणून विचारशील तर पैसे वाया, फक्त ब्रेक चांगले. पण ते गाडी चालवणाऱ्याने ठरवायचं असतं. २३ तारखेला, रविवारी अकरा वाजता आम्ही दोघं शोरूममध्ये असू. आई मागे बसेल. मी डावीकडे बसेन, आणि गुहागरच्या रस्त्यावर झोपूनही दाखवीन.

पाय आवरून बसायला शिकणारा,
तुझा नवा विद्यार्थी,
बाबा